एकवीस सह्या

"आरसा तोंडासमोर धरा. स्वतःच्या डोळ्यांत बघा. आणि छाती भरून म्हणा, मी निर्भय आहे!"

निनाद सरांनी माइक उंचावला आणि मंगल कार्यालयात बसलेली आम्ही चाळीस-बेचाळीस माणसं एका सुरात ओरडलो. म्हणजे बाकीचे ओरडले, मी ओठ हलवले. माझ्या हातात कुमुदच्या पर्समधला आरसा होता. त्यात मला माझा एक डोळा आणि अर्धं नाक दिसत होतं. दोन्ही निर्भय दिसत नव्हते.

शेजारी कुमुदचे खांदे हलत होते.

"हसू नकोस," मी कुजबुजलो.

"मग काय करू? त्या पिसाळांकडं बघा. आरशात मिशी सारखी करतायत."

हणमंत पिसाळ आमच्या गल्लीतले. एसटीत कंडक्टर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. सरांनी काहीही सांगितलं की सगळ्यांत आधी ते करून मोकळे. ते मागं वळून माझ्यावर खेकसले, "कोष्टी, आवाज कुठाय तुमचा? शेवटच्या सीटपर्यंत गेला पाहिजे!"

सगळे हसले. माझे कान तापले. इथं मी कशाला आलो, हा प्रश्न त्या सकाळी मला पहिल्यांदा पडला असं नाही, पण उठून जायचं धाडस काही झालं नाही. माझं आयुष्यभर हे असंच झालंय. मनातून कशावर विश्वास बसत नाही आणि सांगितलेलं मात्र सगळं मुकाट्यानं करतो.

याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. विट्याच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली होती. अध्यात्माचं कपाट माझ्या टेबलाच्या पाठीमागंच होतं आणि त्यातलं बहुतेक मी वाचून काढलं होतं, काही तर दोनदा. शांती म्हणजे काय यावर मी तासभर बोलू शकलो असतो, कुणी विचारलं असतं तर. पण रात्री उशाला डोकं टेकलं की छातीत धडधड व्हायचीच. इतकं वाचून आपल्यात एका दाण्याचाही फरक पडला नाही, ही गोष्ट निवृत्तीनंतर मला फार टोचायला लागली. तशात निनाद सरांच्या शिबिराचं पत्रक दारात पडलं. 'एकवीस दिवसांत अंतरंगाची उन्नती. जोडप्यांसाठी.' जोडप्यांसाठी होतं म्हणून मी गेलो. एकटा गेलोच नसतो. कुमुद म्हणाली, "तुम्हाला जायचंय ना? मग येते. सकाळी साड्यांना फॉल लावत बसते, तेवढं दुपारी उरकेन."

निनाद सर चौतिशीचे, हसरे, पांढऱ्या कुडत्यातले. वाईट माणूस होते असं मला आजही म्हणता येत नाही. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी दिल्या. एक लाल रबर, मनगटात घालायला. तोंडातून नकारात्मक शब्द गेला की ते ओढून सोडायचं, चटका बसला पाहिजे. आपण विसरलो तर जोडीदारानं आठवण करून द्यायची. "आजाराचं नाव घेतलं की आजार घरात येतो," सर म्हणायचे. "दाराशी पाहुणा उभा आहे, तुम्ही नाव घेऊन हाक मारली, तर तो आत येणारच ना?"

दुसरी गोष्ट म्हणजे वही. प्रत्येक पानावर पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला छापलेलं, 'मी आभारी आहे की'. पुढचं आपण भरायचं. रोज सकाळी लिहायचं आणि जोडीदाराची वही वाचून तिच्यावर सही करायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी धीर करून हात वर केला.

"सर, मनात भीती असेल आणि ती बोलायची नसेल, तर ती जाते कुठं?"

सर माझ्याकडं बघून प्रेमानं हसले. "काका, व्यवसाय काय तुमचा?"

"ग्रंथपाल होतो."

"वाटलंच. काका, तुमची अडचण वाचन आहे. डोक्यात फार शब्द साठलेत. एकवीस दिवस वाचन बंद!"

टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. मला राग आला होता, आणि ते बरोबर बोलले असतील अशी शंकाही आली होती. दोन्ही एकदम.

घरी आल्यावर वाचन बंद झालंच नाही. वर्तमानपत्राच्या आत पुस्तक धरून मी चोरून वाचायचो. कुमुदला दिसायचं. ती फक्त चहाचा कप ठेवताना म्हणायची, "आजचं वर्तमानपत्र बरंच जाड दिसतंय."

वहीचं मला मनापासून हसू यायचं. काय लिहायचं रोज? मी लिहायचो, 'मी आभारी आहे की सूर्य उगवला. मी आभारी आहे की हवा आहे.' कुमुद फॉलची सुई बाजूला ठेवून, चष्मा लावून, माझ्या पाचही ओळी वाचायची.

"अहो, कालही सूर्यच होता."

"मग? आज नाही उगवला?"

"उगवला. पण नवीन काहीतरी लिहा की. मी आमटी केली होती ती चांगली झालेली, ते तरी."

आणि मग सही करायची. 'कु. द. कोष्टी.' शाळकरी, गोल अक्षरात.

तिची वही ती माझ्यापुढं उघडी ठेवायची. मी तळाशी सही करायचो. द. रा. कोष्टी, खाली एक वळणदार रेघ. एकतीस वर्षं रोज हजेरीपत्रकावर केली तशी. दुसऱ्याच्या वहीत डोकावणं मला प्रशस्त वाटत नसे. वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांत लोकांच्या चिठ्ठ्या सापडायच्या, त्याही मी घडी न उलगडता परत करायचो. निदान तेव्हा मी स्वतःला हेच कारण दिलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसलो होतो. समोर वर्तमानपत्र, आत पुस्तक. पाठीमागच्या शेडमधे यंत्रमाग सुरू झाले होते, त्यांची खडखड चालली होती. कुमुद आंघोळ करून आली आणि समोर उभी राहिली. केस ओले होते.

"अहो, ऐकता का? मला इथं, डाव्या बाजूला, काहीतरी..."

मी वर बघितलं नाही. बघितलं ते फक्त तिच्या मनगटाकडं, आणि बोट दाखवलं. लाल रबराकडं.

ती थांबली. रबर ओढून सोडल्याचा आवाज आला. मग ती आत गेली. मी पान उलटलं.

ते बोट मला अजून दिसतं.

त्यानंतर घरात फार छान शांतता होती. कुमुद तक्रार म्हणून करायची नाही, आमच्या मुलीशी, विद्याशी, फोनवर बोलतानाही नाही. पूर्वी पाठ दुखते, डोळे चुरचुरतात, गिऱ्हाइकीण किती चिकट आहे, असं काहीबाही सांगायची, ते सगळं थांबलं. मला वाटलं, शिबिराचा उपयोग होतोय. माझ्यावर नाही, पण निदान तिच्यावर. मला तिचा थोडा हेवाच वाटला. पुस्तकं मी वाचली आणि पोचली ही!

एकविसाव्या दिवशी समारोप होता. सगळ्यांच्या वह्या टेबलावर मांडल्या होत्या. निनाद सर एकेक उघडून बघत होते, आणि अचानक त्यांनी माइक घेतला.

"मंडळी, एक जोडपं असं आहे, ज्यांचा एकही दिवस चुकलेला नाही. एकवीस दिवस, एकवीस सह्या! कोष्टी काका, वर या!"

पिसाळांनी मला अक्षरशः ढकललं. "जा की! नव्या नवरीसारखं काय लाजताय!"

मी वर गेलो. सरांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि कुमुदची वही माझ्या हातात दिली. "काका, कुठलंही पान उघडा. काकू कशाकशाबद्दल आभारी आहेत, ते तुमच्या तोंडून ऐकू दे सगळ्यांना."

समोर तिसऱ्या रांगेत कुमुद अर्धवट उठली होती. मान हलवून नको म्हणत होती. मला वाटलं, मला सभेत बोलायची भीती वाटते म्हणून माझ्यासाठी नको म्हणतेय. निदान पाच ओळी तरी धड वाचाव्यात, म्हणून मी चष्मा नीट केला आणि वही मधेच उघडली.

चौदावा दिवस.

'मी आभारी आहे की गाठ अजून सुपारीएवढीच आहे.

मी आभारी आहे की रक्ताचा डाग तपकिरी ब्लाउजला पडला, पांढऱ्याला नाही.

मी आभारी आहे की फोनवर विद्याला काही कळलं नाही. तिचे दिवस भरत आलेत.

मी आभारी आहे की झोप तीन तास तरी लागली.

मी आभारी आहे की यांनी कालही सही केली. म्हणजे यांना ठाऊक आहे. नियम म्हणून बोलत नाहीत. पण मी एकटी नाही.'

खाली, द. रा. कोष्टी. वळणदार रेघ.

माझा आवाज फुटेना. मी मागचं पान उलटलं. त्यामागचं. नवव्या दिवसापासून प्रत्येक पानावर ती गाठ होती, आणि प्रत्येक पानाखाली माझी सही.

"बघा मंडळी!" निनाद सर माइकमधे हळुवारपणे म्हणाले. "काकांना गहिवरून आलंय. शब्द संपलेत. हीच ती अवस्था! एक फोटो घ्या रे यांचा."

फ्लॅश चमकला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्या माणसाच्या हातातून माइक ओढून घ्यावा आणि काहीतरी भयंकर बोलावं, असं मला तीव्रतेनं वाटलं. पण बोलणार काय? वही त्यांनी वाचायला सांगितली होती. वाचून सही करा, असंच सांगितलं होतं. मी वही मिटली, पायऱ्या उतरलो आणि तिसऱ्या रांगेपाशी जाऊन म्हणालो, "चल."

"कुठं?"

"मिरजेला. दवाखान्यात."

स्टँडवर साडेबाराची गाडी लागली होती. खिडकीची जागा कुमुदला दिली. विटा मागं पडल्यावर तिनं हातातलं रबर काढलं. मनगटावर तांबडा वळ उठला होता. रबराचं काय करायचं ते न सुचून तिनं ते वहीला गुंडाळलं.

"मी आज सकाळीच मनाशी म्हटलं होतं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकविसावा दिवस संपला, की हे आपण होऊन नेतील दवाखान्यात. बोलणार नाहीत, पण नेतील."

मी तिकिटांची घडी घातली.

"तुम्हाला पण जड गेलं असेल हो. रोज वाचायचं आणि गप्प बसायचं. नियमामुळंच गप्प होतात ना?"

पळवाट तिनंच माझ्या हातात आणून दिली होती. मी तिच्या मनगटाकडं बघितलं.

"हो," मी म्हणालो.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तासगाव येईपर्यंत तो तसाच होता.

तपासण्या झाल्या. गाठ वाईट निघाली. ऑपरेशन अकराव्या दिवशी ठरलं, तोवर कुमुदला तिथंच ठेवून घेतलं. दोन आठवडे आधी आलो असतो तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तेवढ्यानं फारसा फरक पडला नसता. ते खरं होतं की म्हाताऱ्याची समजूत घातली होती, हे मी पुन्हा विचारलं नाही. कुमुद त्यानंतर नऊ वर्षं जगली, एवढं खरं.

पण ते अकरा दिवस फार वाईट गेले. विद्याला शेवटी कळवावं लागलं. ती फोनवर रडून रडून विचारायची, आई, तू कुणाला सांगितलं का नाहीस? आणि कुमुद म्हणायची, "अगं, तुझ्या बाबांना पहिल्यापासून माहीत होतं." हेच ती शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही सांगायची. "आमच्या ह्यांना सगळं माहीत होतं. तोंडानं बोलत नाहीत, पण फार आधार वाटला मला." ती बाई माझ्याकडं कौतुकानं बघायची. मी पाण्याची बाटली भरायला उठून जायचो. बाटली भरलेली असायची.

एकदा पिसाळ भेटायला आले. केळी आणली होती, आणि निनाद सरांच्या पुढच्या शिबिराचं पत्रक. त्यावर माझा फोटो होता. हातात वही, डोळे भरलेले. खाली मजकूर, 'एकवीस दिवसांत यांचं जीवन बदललं!'

"फेमस झालात की, कोष्टी," पिसाळ म्हणाले. कुमुद हसली. मी ते पत्रक घडी करून खिशात घातलं. विट्याला जाऊन सरांना गाठावं, फोटो काढायला लावावा, चार शब्द सुनवावेत, अशी सगळी वाक्यं मी त्या रात्री मनात तयार केली. एकही कधी बोललो नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला सिस्टर आली. नाकात मोरणी, हातात कागदांचा पुठ्ठा, घाईत.

"काका, संमतीपत्र. इथं सही, इथं नाव, इथं नातं. दहा मिनिटांत येते."

मी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. आणि माझा हात सरळ तळाशी गेला. 'द.' पुरता झालाही नसेल, नुसतं सुरुवातीचं टोक उमटलं असेल, तेवढ्यात कुमुद उशीवरून म्हणाली, "बघितलं? मला बरं वाटतं ते याचंच. तुम्ही वाचल्याबिगर सही करत नाही."

मी पेन उचललं.

सांगायची गरज नव्हती. तासाभरात तिला आत नेणार होते. जी एक गोष्ट धरून ती इतके दिवस उभी होती, तीच काढून घ्यायची का, आणि तीही आज? हे सांगून हलकं व्हायचं होतं ते मला. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. बरोबर केलं की चूक, ते मला आजही सांगता येणार नाही.

"कुमुद, मी तुझी वही वाचली नव्हती."

"कुठली?"

"ती. त्या दिवशी स्टेजवर पहिल्यांदा वाचली. त्याआधी एकही पान नाही. नुसत्या सह्या केल्या."

वर पंखा घरघरत होता. शेजारच्या बाईनं कूस बदलली.

"एकही?" कुमुदनं विचारलं.

"एकही नाही."

"पुस्तकं वाचत होतात. त्या पेपरच्या आत."

"हो."

ती छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग तेरा दिवस मी कुणाशी बोलत होते हो?"

इतकी पुस्तकं वाचली होती, त्यातलं एक अक्षर मदतीला आलं नाही.

"बसमधे 'हो' का म्हणालात?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तू माझ्याकडं अशी बघशील, त्याची."

"मग आता बघतेच आहे की." तिचा आवाज चिरका झाला होता. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, इतक्या रागात मी तिला कधी बघितलं नव्हतं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. तिच्या पाठीवर हिरव्या गाऊनच्या नाड्या कुणीतरी घाईनं बांधल्या होत्या, एक सुटली होती. ती बांधावी असं वाटलं, पण हात पुढं होईना. मी स्टुलावर बसून राहिलो. समजुतीचं काही बोललो नाही, सगळं चांगलं होईल असंही म्हणालो नाही. नुसता तिथं बसलो. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच कुणासमोर असा बसलो होतो, हातात काहीही उघडं न धरता.

भिंतीकडं तोंड ठेवूनच ती म्हणाली, "तो कागद वाचा."

"आं?"

"कागद. मोठ्यानं वाचा. एक शब्द गाळायचा नाही."

मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. रुग्णाचं नाव. वय. शस्त्रक्रियेचं स्वरूप. भूल दिल्यानं होऊ शकणारे परिणाम. बारीक टाइप होता, बोट ठेवून वाचावं लागत होतं. रक्तस्राव. जंतुसंसर्ग. चौथ्या परिच्छेदात मी अडखळलो.

"थांबलात का?"

"'प्रसंगी,'" मी वाचलं, "'प्रसंगी रुग्णाच्या जिवाला धोका संभवतो, याची मला कल्पना देण्यात आली आहे.'"

ती हळूहळू वळली. डोळे लाल होते. त्यातला राग गेला नव्हता, पण ती माझ्याकडं बघत होती.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "फार."

"मलापण."

तिनं मान हलवली. तिच्या मनगटावरचा वळ अजून पुरता गेला नव्हता. मी तिच्या पाठीमागची सुटलेली नाडी बांधली. तिनं बांधू दिली.

दार ढकलून सिस्टर आत आली. "काका, झाली का सही? तिकडं खोळंबलेत सगळे. दोन मिनिटांचं काम आहे!"

"थांबा जरा," कुमुद म्हणाली. "वाचतायत ते."